सगळं मावतं!

...आणि वर मलाच विचारतात, "काय हो, एवढा भारी कॅमेरा कपाटात का?" अहो, कपाटात नाही तर काय देव्हाऱ्यात ठेवू? तुम्हाला सांगतो, माणसानं आयुष्यात काय वाट्टेल ते करावं, पण साडूच्या सल्ल्यानं लेन्स घेऊ नये! आमचे साडू म्हणजे गोरक्षराव. राहणार इंदिरानगर, उंटावरचे शहाणे. या माणसाला सगळं कळतं. द्राक्षावर डाऊनी रोग आला? विचारा गोरक्षरावांना. गुडघा दुखतोय? विचारा गोरक्षरावांना. आणि मी शहाणा लेन्सचं विचारायला गेलो!

कॅमेरा आधीच घेऊन झाला होता हो... भाच्यानं परदेशातून आणलेला, डिजिटल रेंजफाइंडर. तेव्हा नाशकात कुणाकडे नव्हता, आता कळतं का नव्हता ते. रेंजफाइंडर म्हणजे काय, तर ज्याच्या लेन्समधून आपल्याला काही दिसत नाही असा कॅमेरा. हसू नका! बाजूला एक खिडकी असते, त्यातून बघायचं. लेन्सवर झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून अख्खं जग लख्ख दिसतं. पहिल्याच दिवशी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, गेलो आणि अख्खा घाट काळाकुट्ट टिपून आणला.

त्यात आली सासूबाईंची पंचाहत्तरी. सासूबाई, साळूबाई, असतात कळवणला. साडी नको म्हणाल्या, सोनं नको म्हणाल्या. "जावईबापू, माझी दोन्ही पोरं येका फोटूत पायजे. डोळे मिटायच्या आत बघू द्या." आता ही दोन पोरं कोण? थोरला यादव, धाकटा बहिरू, माझे मेव्हणे. घराला घर लागून, विहीर एक, आणि पाण्याच्या पाळीवरून सात-आठ वर्षं एकमेकांशी अबोला! मोटर बंद कर म्हणून सांगायचं तर निरोप आईमार्फत. पंचाहत्तर वर्षांची बाई विहिरीच्या निरोपांसाठी या दारातून त्या दारात... मला गलबलून आलं हो. म्हटलं, हा फोटो मी काढणार.

पण काढायचा कुठून? घराचा ओटा लांबलचक आणि समोर चार पावलांवर शेजाऱ्याच्या गोठ्याची भिंत. मागे सरकायला जागाच नाही. म्हणजे रुंद लेन्स हवी. आकडा जितका लहान तितकी लेन्स रुंद, एवढं मला ठाऊक, म्हणून गेलो गोरक्षरावांकडे, म्हटलं अठ्ठावीस मिलिमीटरची घेऊ का... कशाला गेलो?

"अठ्ठावीस?" गोरक्षराव असे हसले, जसं मी त्यांच्याकडे उसनं मीठ मागितलं. "अठ्ठावीसनं काय पासपोर्टचे फोटो काढतोस? डिजिटलवर लेन्स आखडते बाबा, अठ्ठावीसची चाळीस होते. तू थेट बारा घे. बारा! सगळं मावतं!"

मी म्हटलं, कडेची माणसं वेडीवाकडी दिसतात म्हणे. "कोण म्हणतं?" इंटरनेटवर म्हणतात. "त्यांना काय कामं आहेत? विटांच्या भिंतींचे फोटो काढतात आणि कोपरे मोजत बसतात. तू घे रे... सगळं मावतं!"

घेतली. अक्रोडाएवढी लेन्स, आणि तिच्याबरोबर काय आलं? आणखी एक डोळा! का, तर एवढं रुंद त्या कॅमेऱ्याच्या खिडकीत दिसतच नाही, म्हणून हा वेगळा डोळा वर बसवायचा. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! खालच्या खिडकीतून अंतर जुळवायचं, मग मान उचलून वरच्या डोळ्यातून बघायचं, तोवर समोरचा माणूस जेवायला निघून जातो. आणि हा डोळा बसतो कुठे? फ्लॅश बसतो तिथेच! म्हणजे बघायचं असेल तर उजेड नाही, आणि उजेड हवा असेल तर बघायचं नाही. गोरक्षरावांना फोन केला. "पण सगळं मावतं ना?" मावतं हो, मावतं! माझं बोट मावलं, माझे बूट मावले, एकदा तर माझं पोट मावलं!

तर पंचाहत्तरीचा दिवस. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळून झालं, सासूबाईंना ओट्यावर मधोमध खुर्चीत बसवलं. नवी साडी, मांडीवर हात, आणि नजर नुसती या पोराकडून त्या पोराकडे. यादवराव आले, ओट्याच्या या टोकाला खांबाला टेकून उभे. बहिरू आला, थेट त्या टोकाला. मधे बैलगाडी वळेल एवढी जागा! एक रस्त्याकडे बघतोय, एक आभाळाकडे. मी म्हटलं, "जरा आत सरका की." बहिरूनं खरंच एक पाय उचलला हो, देवाशपथ उचलला... आणि मागून गोरक्षराव ओरडले, "सरकायचं कशाला? बारा आहे ती! सगळं मावतं!"

बहिरूनं पाय परत जागेवर ठेवला.

आमची ही, मीना, माझ्या कानाशी येऊन फणकारली. "साधा डबा कॅमेरा आणला असता, तर 'मावत नाही, मावत नाही, खांद्याला खांदा लावा' असं तरी म्हणता आलं असतं! मावत नाही म्हणून तर माणसं जवळ येतात. तुमच्यात सगळं मावतं, आता राहू दे त्यांना लांब!"

बाई बरोबर बोलत होती. ते मला अजिबात आवडलं नाही.

काढला फोटो. सासूबाई म्हणाल्या, "दाखवा." मागच्या पडद्यावर दाखवला... अहो, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! मधे सासूबाई भुईमुगाच्या दाण्याएवढ्या, आणि दोन्ही टोकांना दोन मेव्हणे लाटल्यासारखे आडवे पसरलेले. म्हातारी बघत राहिली. डोळ्यांत टचकन पाणी. "जावईबापू, हे कोन? माझी पोरं कुठं हायेत यात?" तुम्हाला सांगतो, गोठ्यात जाऊन दावणीला बांधून घ्यावं असं वाटलं.

यादवराव खांब सोडून आले. "बघू दाजी." पडदा केवढा? काडेपेटीएवढा. वर ऊन. तळहाताची सावली धरून डोकं घातलं. "आरारारा! दाजी, हे पोट माझं?" तिकडे बहिरूला राहवेना. तो आला, त्यानंही डोकं घातलं. "आन् माझं डोकं! पार भोपळा केला की वो!"

यादवराव वर न बघता म्हणाले, "तुझं डोकं हाय तसंच आलंय."

सात-आठ वर्षांतला पहिला शब्द!

बहिरू म्हणाला, "आन् तुझं पोट? निम्मी इहीर तूच पिला वाटतं?"

आणि हसले हो दोघं! असे हसले... सासूबाईंनी दोघांच्या मानेत हात टाकले, तीन डोकी एकमेकांना टेकलेली, म्हातारी रडतेय का हसतेय कळेना. हाच तो फोटो! काढ की गाढवा! पण काढू कशानं? कॅमेरा त्यांच्या हातात आणि पट्टा माझ्या गळ्यात! मी आपला शेजाऱ्याच्या बैलासारखा मान वाकवून उभा. मीनानं मोबाईल काढला, खट्ट, झालं.

पाण्यावरून अजून भांडतात दोघं, पण आता तोंडानं भांडतात, आईचे हेलपाटे वाचले. आणि तो फोटो, मोबाईलवरचा, भुरकट, पार दाणे दाणे दिसतात असा, कळवणच्या घरात दर्शनी भिंतीवर लावलाय. येईल त्याला सासूबाई सांगतात, "आमच्या मीनानं काढला!" मी आहे ना त्यात... डाव्या कडेला एक पट्टा दिसतो, पट्ट्याच्या टोकाला टक्कल दिसतं, ते माझं. अर्धं.

परवा गोरक्षराव त्या फोटोसमोर उभे राहिले, मागे हात बांधून, आणि मला म्हणतात, "अरे, तू पूर्ण आला नाहीस यात!"

म्हटलं, काय करणार गोरक्षराव... साधा मोबाईल तो. सगळं नाही मावत त्यात.