दोन चमचे येसर

(दुपार. त्रिंबकच्या घरचा ओटा. शेजारच्या नजमाभाभी मदतीला आल्या आहेत.)

नजमा : पाणी फेकू नका, त्रिंबकभाऊ! चवळी ज्यात शिजली त्यातच वाटायची.

त्रिंबक : अंबिका तेल घालायची ना?

नजमा : ते फर्दापूरच्या हॉटेलात, स्वयंपाकाला जायची तिथं, गोऱ्या पाहुण्यांसाठी. तिथं काबुली चणे, इथं चवळी. घरी म्हणायची, भाभी, पाण्यानंच मऊ येतंय, खर्च कशाला?

त्रिंबक : सोळा वर्षं खाल्लं. एकदा ओट्याजवळ उभा नाय राहिलो.

नजमा : आज राहिलात. भाजलेले तीळ टाका, लसूण, लिंबू. फिरवा.

त्रिंबक : काल दुपारी डोळा लागला. ती इथंच होती, पाठमोरी. मिक्सर फिरत होता, पण आवाज नव्हता. म्हणलं, मेघा माहेरी येतीय, तिला तुझं चवळीचं हम्मस पायजे. वळली नाय.

नजमा : हात भरले असतील तिचे. चाखा.

त्रिंबक : गुळगुळीत झालंय. पण तिचं नाय हे.

नजमा : येसराची फोडणी राहिली की! लग्नाच्या आमटीचा मसाला हम्मसवर घालणारी तुमचीच बायको. आम्ही लई हसलो होतो. मग आमच्या इम्राननं नाननं वाडगा पुसून काढला.

त्रिंबक : येसर नाय घरात.

नजमा : देवाजवळ ती बरणी कशाची मग?

त्रिंबक : तिनं कुटलेलं. शेवटचं. दोन चमचे असंल. रोज झाकण काढतो, वास घेतो, परत लावतो.

नजमा : रोज? ती गेल्यापासून आठ महिने? या अल्ला! आणा इकडं. भाऊ, याचा वास उडाला.

त्रिंबक : मला येतो.

नजमा : घ्या बरं परत. खरं सांगा.

त्रिंबक : परवापासून नाय येत.

नजमा : कडक तेलात पडलं तर उठंल. एकदाच.

त्रिंबक : मग बरणी रिकामी.

नजमा : व्हय.

त्रिंबक : मेघा कुठवर आली असंल?

नजमा : सिल्लोड सोडलं म्हणून मघाशी तुम्हीच सांगितलं.

त्रिंबक : तापवा तेल. टाकतो मी.

नजमा : सगळं?

त्रिंबक : सगळं.

नजमा : हळू! गॅस बारीक करा, करपंल. हां, असं. आला का वास?

त्रिंबक : भाभी, जरा बोलू नका.