मुलीची उंची दीड इंच जास्त लिहिल्याबाबत

जबाब देणार : धंदा शिवणकाम, वय बावन्न वर्षे, शिक्षण नववी पास, राहणार शाळेमागच्या गल्लीत, स्वतःच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. गल्लीत व गिऱ्हाइकांत मला 'मास्तर' म्हणतात.

आज सकाळी सव्वानऊ वाजता मी आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो असून, हवालदारांनी विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

माझ्या घरात मी, पत्नी व एकुलती एक मुलगी असे तिघे राहतो. मुलीचे वय तेरा वर्षे अकरा महिने. ती शाळेच्या व्हॉलीबॉल संघात खेळते व फार चांगली खेळते, असे लोक सांगतात. मला खेळातले कळत नाही, मापातले कळते. सत्तावीस वर्षे मी लोकांची मापे घेत आहे आणि कपडा बसला नाही म्हणून एकही गिऱ्हाईक परत आलेले नाही. हे वाक्य जबाबात आलेच पाहिजे, असा मी आग्रह धरल्याने घेतले आहे.

क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी आज सकाळी नऊ वाजता मोठ्या मैदानावर होती. निवडलेल्या मुलींचे राहणे, जेवण, शाळा व सराव सगळे तिथेच होते. चाचणी वर्षातून एकदाच असते. चौदा पूर्ण झालेल्या मुलीचा अर्ज घेत नाहीत व पाच फुटांच्या आतल्या मुलीला मैदानात उतरू देत नाहीत. म्हणजे माझ्या मुलीला ही एकच संधी होती. दोन वर्षांपासून ती दुसऱ्या कशाबद्दल बोलत नव्हती.

मागच्या वर्षी तिची उंची अठ्ठावन्न इंच होती. तिला खेळ शिकवणाऱ्या शाळेतल्या मॅडम तेव्हा दुकानात आल्या. मुलीला रोज दूध, अंडी, कडधान्ये, पालेभाजी, फळ द्या, उपाशीपोटी घराबाहेर सोडू नका, नऊ तास झोपू द्या, पळणे आणि दोरीवरच्या उड्या मी बघते, असे त्यांनी आम्हा नवरा-बायकोला समजावले. मी विचारले, "किती इंच वाढेल?" त्या म्हणाल्या, "इंच मी देत नाही हो मास्तर. उंची आईबापाकडून येते. आपण फक्त तिच्या आड यायचं नाही." मला हे उत्तर मोघम वाटले. गिऱ्हाइकाशी मी असे कधी बोलत नाही.

लटकल्याने उंची वाढते, असे मला एका गिऱ्हाइकाने खात्रीने सांगितले होते. म्हणून मी जिन्याखाली लोखंडी दांडी ठोकली व मुलीला रोज दहा मिनिटे लोंबकळायला लावले. त्याने खांदे दणकट होतात, हाडे लांब होत नाहीत, असे मॅडमचे म्हणणे पडले. मी दांडी काढली नाही. दूध, अंडी मात्र वेळच्या वेळी दिली, त्यात हयगय केली नाही.

माप मी डोळ्यात तेल घालून घेत असे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलीला दुकानातल्या आरशाजवळच्या भिंतीशी अनवाणी उभे करायचे, डोक्यावर काटकोनी पट्टी ठेवून पेन्सिलीने रेघ मारायची आणि रेघेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. दिवसभर गळ्यात राहून कापडी टेप वळते. मुलीच्या मापात सुताचाही फरक पडू नये म्हणून मी दुकान बंद करताना टेप खिळ्याला टांगत असे व ती ताठ राहावी म्हणून खालच्या टोकाला कापड कापायची मोठी कात्री बांधत असे. सकाळी कात्री सोडायची आणि टेप गळ्यात घालायची, हा वर्षभराचा शिरस्ता आहे. ज्या टेपवर धंदा त्याच टेपवर मुलगी, त्यात आपपरभाव नको, असा माझा विचार होता.

त्या टेपप्रमाणे सहा महिन्यांनी मुलगी सव्वाअठ्ठावन्न भरली. मागच्या रविवारी एकोणसाठ. याच काळात तिचा शाळेचा स्कर्ट दोनदा आखूड झाला व दोन्ही वेळा मी स्वतः दुमड सोडून दिली. कापड धुण्यात आटले, असे माझे मत झाले. समोरचा कापडवाला कापड कमी मोजून देतो, हेही मला याच काळात आढळले. दोन मीटर मागितले की माझ्या टेपवर दोन इंच कमी भरत. त्यावरून आमचे वाजले व गेले काही महिने बोलणे बंद आहे.

मुलगी वाढत नाही म्हणजे ती अंडी खात नसावी, असा मला संशय आला. मी दोन वेळा कचऱ्याची बादली उपसून पाहिली. त्यात टरफले होती, अंडी नव्हती. मग मी तिला गिऱ्हाइकांसमोर विचारले, "तुझं खाल्लेलं जातं तरी कुठे?" पत्नी मध्ये पडून म्हणाली, "पोरीला काही बोलू नका. माझं माहेर बुटकं आहे, मला बोला." मी तिलाही बोललो. त्यानंतर मुलगी मापाला उभी राहताना डोळे मिटून घेऊ लागली. डोळे मिटल्याने मापात फरक पडत नाही, म्हणून मी माप घेत राहिलो.

एकदा ती म्हणाली होती, "बाबा, शाळेत साठ भरले." मी म्हणालो, "शाळेतली पट्टी रंगवलेली असते. आपली टेप आपल्याला जेवू घालते."

काल संध्याकाळी तिने चाचणीचा अर्ज पालकाच्या सहीसाठी पुढे केला. उंचीच्या रकान्यात मॅडमच्या अक्षरात साडेसाठ इंच लिहिले होते. ते वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. खोट्या मापावर मी जन्मात सही करणार नाही, असे मी सांगितले. मुलगी म्हणाली, "बाबा, तिथे परत मोजतात. कमी भरले तर घरी पाठवतील. तुम्ही फक्त सही करा." मी म्हणालो, "चारचौघांत माझी मुलगी खोटी ठरलेली मला चालणार नाही." तिने बराच वेळ अर्ज हातात धरून ठेवला. नंतर घडी घालून दप्तरात ठेवला. जेवली नाही.

आज सकाळी मी मुलीला व पुरावा म्हणून तो अर्ज घेऊन मॅडमविरुद्ध तक्रार द्यायला निघालो. वाटेत मोठे मैदान लागते. तिथे मुली रांगेत उभ्या होत्या. मी पुढे चालत होतो, मुलगी मागे होती.

हवालदारांनी माझे सगळे ऐकून घेतले व टेप दाखवा म्हणाले. मी गळ्यातली काढून दिली. अपघात झाल्यावर रस्ता मोजायला वापरतात ती पोलादी टेप त्यांनी कपाटातून काढली आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या. माझे साठ त्यांच्या साडेएकसष्टवर संपले. तुमची टेप चुकीची आहे, असे मी म्हणालो. त्यांनी दुसरी, न वापरलेली आणली. तीही तेच दाखवू लागली. मग महिला शिपायाने मुलीला चपला काढून भिंतीशी उभे केले व पोलादी टेपने मोजले. उंची साडेसाठ इंच भरली. या वेळी तिने डोळे मिटले नव्हते, ती माझ्याकडे बघत होती.

हवालदार म्हणाले, "मास्तर, लटकल्याने उंची वाढते हे खरं आहे की! तुमच्या टेपची दीड इंच वाढली." हे वाक्य जबाबात घेऊ नये, असे मी म्हणालो. त्यांनी घेतले.

टेप ताणली गेली असेल तर माझे कपडे सगळ्यांना बरोबर कसे बसतात, असे मी विचारले. बाकड्यावरून मुलगी म्हणाली, "बाबा, ज्या टेपने माप घेता त्याच टेपने कापड कापता. चूक दोन्हीकडे सारखीच होते. मग कपडा बसणारच." मी म्हणालो, "तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "बोलले होते. कात्री बांधू नका, टेप ताणते, असं उन्हाळ्यातच सांगितलं होतं." मला आठवत नाही. पत्नीला विचारल्यास तिला आठवेल.

त्या वेळी दहा वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. हवालदारांनी मैदानावर फोन लावून मॅडमना फोनवर बोलावून घेतले. नोंदणी दहाला बंद झाली होती व मुलींचे गट पाडून खेळ सुरू झाला होता. हवालदारांनी तिथल्या साहेबांनाही विनंती केली. साहेबांनी, नियम सगळ्यांना सारखा, असे सांगितले. मॅडमनी माझ्याविषयी काही विचारले नाही. मुलीने सकाळपासून काही खाल्ले आहे का, एवढेच विचारले. खाल्ले नव्हते. मुलीला पुढच्या महिन्यात चौदा पूर्ण होतात.

मॅडमविरुद्ध माझी आता काही तक्रार नाही. त्यांनी लिहिलेली उंची खरी आहे. मला वाईट वाटते, हेही लिहून घ्यावे.

चष्मा दुकानात राहिल्याने हा जबाब मला माझ्या मुलीने वाचून दाखवला. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत एका सुरात, कुठेही न थांबता वाचला. जबाब सांगितल्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे का, असे हवालदारांनी मला विचारले. मुलगी म्हणाली, "बरोबर आहे." म्हणून मी सही करतो.