डावं पायडल

नाही, ते एकटं डावं पायडल विकायचं नाही, ठेवा तिथंच — तुम्ही ही पाटी बघा, कुठलं कशासाठी ते लिहिलंय. शुद्धलेखनाचं माफ करा, मीच लिहिलीय, शाळा लवकर सुटली, शब्दही साधेच येतात मला. तर तुमचं काय, रोज ऑफिसला आणि रविवारी टेकडीवर, दगडधोंड्यांतून — मग हे घ्या, रुंद, सपाट, वर बारीक खिळे. कुठलाही बूट चालतो, सिग्नलला पाय पटकन खाली येतो. ते दुसरं, बूट अडकवायचं? टेकडीवर छान, पाय हलत नाही — पण सोडवायला टाच बाहेर मुरडावी लागते, आणि गर्दीत नाही जमलं तर माणूस सायकलसकट आडवा.

खिळे लागतात का? लागतात की, पाय घसरला तर नडगी सोलून निघते. लागू द्या. लागलं तर कळतं तरी — माझ्या दादाला कळत नाही. थोरला भाऊ माझा, हे काम त्यानंच शिकवलं मला. काल संध्याकाळी सायकलवरून आला, डावा मोजा रक्तानं भिजलेला, आणि हा हसत विचारतोय, "हे कुठं सांडलं रे?" मी पाय दाबून बघितला — त्याला पत्ताच नाही. म्हणाला, "बधीर झालाय थोडा, म्हणून घसरतो. तू ते अडकवायचं बसव, पाय बांधलेला बरा. आणि वहिनीला बोललास तर बघ." दादापुढं माझं तोंड उघडत नाही हो, कधीच नाही. बसवलं. मग घरी गेल्यावर डोक्यात आलं — टाच आहे हेच ज्याला कळत नाही, तो भर चौकात ती मुरडणार कशी?

म्हणून आज सकाळी, तो आंघोळीला गेला असेल अशा बेतानं, पाना घेऊन त्याच्या दारातल्या सायकलपाशी गेलो. डाव्याचे आटे उलटे असतात, त्यानंच शिकवलेलं — पण घाईत सोडवायच्या ऐवजी मी आवळतच बसलो. तेवढ्यात वहिनी बाहेर. "भावजी, काय करताय?" म्हटलं, "वहिनी, दादाच्या टाचेला टाचणी टोचून बघा." एवढंच. मग पायडल काढलं, खिशात घातलं आणि येऊन दुकान उघडलं.

पुन्हा फोन वाजतोय. दादाच आहे. तुमचं संध्याकाळी बसवून देतो — या तुम्ही आता.