कुलपातली अक्षरं

विलासिनी : असा गप्प का झालास, नौफल? सुलैमानी चहा गार होतोय तुझा.

नौफल : विलासिनीचेची, एक मिनिट थांबा.

विलासिनी : मघापासून तर शीळ घालत होतास. ‘आमचं युनिक्स बसवायला डोकं लागत नाही, एन्टर दाबत सुटायचं!’ मग?

नौफल : दाबत सुटलो, तेच झालं.

विलासिनी : म्हणजे काय?

नौफल : बाहेरून ही नवी डिस्क जोडली होती ना? सगळं हिच्यावरच बसवायचं, आतल्या डिस्कला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं आपलं.

विलासिनी : हो. आतल्या डिस्कवर त्यांची अक्षरं आहेत.

नौफल : बसवणाऱ्या प्रोग्रॅमनं विचारलं, कुठल्या डिस्कवर बसवू. नवीचं नाव टाकायचं होतं. नुसतं एन्टर दाबलं तर तो पहिली धरतो. आतली.

विलासिनी : अरे, मग वायर ओढ की!

नौफल : ओढली. बॅटरीही काढली. पण डिस्कच्या कुलपाची किल्ली ज्या कोपऱ्यात असते तोच आधी पुसला जातो. आता मास्तरांचं ते गुप्त वाक्य सापडलं, तरी कुलूप उघडणार नाही.

विलासिनी : हळू बोल. मागे बसलेत. बोलता येत नसलं तरी ऐकू सगळं येतं त्यांना.

सुकुमारन : उद्या.

विलासिनी : हो हो, उद्या. झटका आल्यापासून एवढा एकच शब्द उरलाय. भूक लागली तरी उद्या, पाठ खाजली तरी उद्या. म्हणून तर तुला बोलावलं, ती चित्रांची बोलकी पाटी बसव म्हणून. मुलीनं दुबईहून नवा लॅपटॉप पाठवला, त्याला शिवायला तयार नाहीत. हाच हवा, काळा डबडा.

नौफल : अक्षरांची दुसरी प्रत कुठे ठेवली असेल का हो?

विलासिनी : त्यांनी? अपुरी वस्तू घराबाहेर द्यायची नाही म्हणायचे. माझ्या वडिलांच्या छापखान्यातले खिळे समोर ठेवून दहा वर्षं ह्या डबड्यावर मल्याळमची जुनी जोडाक्षरं काढत बसले. लोकांच्या हाती कधी देणार, असं विचारलं की म्हणायचे–

सुकुमारन : उद्या.

विलासिनी : हे बघ. तेव्हाही हेच. आणि मला सांग, घरात दूधवाल्याशिवाय कोणी येत नाही, मग कुलूप कोणासाठी?

नौफल : आमच्या युनिक्सवाल्यांच्या मंडळाची शिस्तच आहे तशी. वाक्य कुठे लिहायचं नाही, बायकोलाही सांगायचं नाही.

विलासिनी : मोठं आलं मंडळ! पस्तीस वर्षं कप्प्याचे कंद उकडून घातले, आणि मीच चोर?

नौफल : तसं नाही, चेची. आणि खरं सांगू का, ते वाक्य त्यांच्या डोक्यात नव्हतंच. बोटांत होतं, दोन्ही हातांच्या. उजवा हात गेला आणि अर्धं वाक्य गेलं. मागच्या खेपेला डाव्या हातानं किती प्रयत्न केला त्यांनी.

विलासिनी : आठवलं असतं रे हळूहळू. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर डावी बोटं आपटत असतात. मग माझा हात ओढून शेजारी ठेवतात.

नौफल : तुमचा हात? कुठल्या बाजूला?

विलासिनी : उजव्या. आणि माझं एकेक बोट दाबतात. मला वाटलं, आजारपणातला चाळा. मी हात सोडवून घ्यायची, भांडी पडलेली असायची ना.

(नौफल आपल्या दोन्ही हातांची बोटं कीबोर्डवर ठेवून बघतो.)

विलासिनी : नौफल, ते मला वाक्य सांगत होते का रे?

नौफल : मला नका विचारू, चेची. पाया पडतो.

विलासिनी : मग कोणाला विचारू? त्यांना?

नौफल : मला शिव्या द्या. चार लोकांत द्या.

विलासिनी : तुला शिव्या देऊन मला काय मिळणार आहे? डोळे पूस. बॅटरी घाल आणि चालू कर तो डबडा.

(सुकुमारन खुर्ची पुढे सरकवतात आणि लॅपटॉप डाव्या हातानं आपल्याकडे ओढतात.)

नौफल : मास्तर, नको. तो परत तेच विचारतोय. तुम्ही एन्टर दाबलंत तर उरलंसुरलंही जाईल.

विलासिनी : उरलेलं उघडणार आहे का?

नौफल : नाही. आता कोणालाच नाही उघडता येणार.

विलासिनी : मग दाबू दे त्यांना. तुझ्या हातानं गेलं, असं तरी व्हायला नको.

नौफल : दाबलं. बघा ना, चेहऱ्यावर काहीसुद्धा नाही.

विलासिनी : तुला दिसत नाही, एवढंच.

नौफल : बसलं सगळं. आता पाटी टाकतो. चित्राचं बटण दाबलं की मशीन तो शब्द बोलेल. पहिलं चित्र कशाचं ठेवू, चेची?

विलासिनी : पाण्याचं. रात्री तहान लागली की मला हलवून उठवतात, आणि मी त्यांना पांघरूण घालते.