मिसेस होलोवाकना दिवस गेले

…नाही, मला सांगा, या परक्या देशात काम करायला चालतं, पगारातून कर कापून घ्यायला चालतं, उणे तीसमध्ये बसची वाट बघत उभं राहायला चालतं, मग आजारी पडायलाच तेवढं का चालत नाही? आणि तुम्हाला सांगते, सरकारी विम्याच्या खिडकीतली बाई इतकी गोड, इतकी गोड, की भांडायचीही सोय नाही. "सॉरी हं मॅरिव्हिक, तुमचा कामाचा परवाना संपला ना, म्हणून आरोग्य कार्डही संपलं." अहो, पण नव्या परवान्याचा अर्ज केलाय की. "हो हो, म्हणून तर तुम्ही इथं राहू शकता, कामही करू शकता." मग कार्ड? "ते परवाना हातात आल्यावर. नाहीतर कायमच्या रहिवासी झाल्यावर." म्हणजे तोवर मी आहे कुठे? "सॉरी हं…"

आता राहायची परवानगी म्हणजे सगळ्याचीच परवानगी, असं धरून चाललो आम्ही शहाणे नवरा-बायको, आणि नेमके आत्ताच मला दिवस गेले. तिसरा सरत आला. परवा पोटात अशी कळ आली की मी बाथरूममध्ये जमिनीवरच बसले. नेस्टर म्हणतो, "चल इस्पितळात." चल की, पण दारातच विचारणार, कार्ड? घाबरले हो मी. पहिलं एक गेलंय आमचं, तिकडे मनिलात. हे जाऊ द्यायचं नव्हतं मला.

आणि माझी नोकरी काय? मिसेस होलोवाकना डॉक्टरकडे नेणं! चौऱ्याऐंशी वर्षांची ठणठणीत म्हातारी, पण दर आठवड्याला डॉक्टर पेनर दिसले नाहीत तर तिला करमत नाही. कार्ड आहे ना. त्या दवाखान्यातल्या काचेच्या टाकीतले मासेसुद्धा मला ओळखतात, म्हणजे बघा, माशांच्या लेखी मी आहे, मग सरकारच्या लेखी मी आहे कुठे?

तर काल म्हातारीला बीट सोलून देताना मला रडू फुटलं. "पोरी, काय झालं गं?" सांगितलं सगळं. ती सरळ कोटच चढवायला लागली. दवाखान्यात डॉक्टरांपुढे बसली आणि म्हणते काय, "डॉक्टर, सकाळ झाली की मला उलट्या होतात. तळलेल्या माशाचा वास सोसत नाही. परवा पोटात कळ आली." डॉक्टर लिहून घेतायत. "कधीपासून?" "पाळी चुकली तेव्हापासून."

पेन थांबलं. मी जमिनीकडे बघतेय. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मिसेस होलोवाक, या वयात? अभिनंदन." आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुम्ही झोपा इथं. यांचं पोट तपासतो."

ते थंडगार यंत्र पोटावर ठेवलं, आधी नुसती खरखर… खरखर… मी श्वास धरून… आणि मग ते. टकटकटकटक, घाई झाल्यासारखं. म्हातारी स्वतःच्या पोटावर हात ठेवून रडतेय, मी माझ्या. डॉक्टर म्हणाले, "ठोके छान आहेत. मी बघितलं त्याचे काही पैसे नाहीत. पण सोनोग्राफी, रक्त, बाळंतपण, त्याला कार्ड लागेल."

गेले परत खिडकीशी. म्हटलं, माझं राहू द्या, बाळाचं सांगा. बाईचा चेहरा असा खुलला! "बाळाची काळजीच नको. इथं जन्मलं की ते इथलंच. नागरिक. लगेच कार्ड." बरं, पण त्याला जन्माला घालायचं कुणी? "तुम्ही." मग मी आहे कुठे? "सॉरी हं…"

तर आता असं आहे बघा. आत नागरिक बसलाय, ऐटीत, लाथा मारायची तयारी करत. आणि मी त्याची घरमालकीण, बिनकार्डाची. नेस्टरला म्हटलं, याला बाहेर येऊ दे, कार्ड घेऊ दे, मग हाच आपल्याला डॉक्टरकडे नेईल. तोवर दर आठवड्याला मिसेस होलोवाकना डोहाळे लागणार, दुसरं काय.