चार चित्रं, एक लाल

शांता : धाकटीची, दीपाची पिशवी भरली का? गोळ्या टाकल्या तिच्या?

रुचिता : मी नाही भरली. आई, तू तिला मावशीकडे काहून पाठवून राहिली?

शांता : एका दिवसाची तं गोष्ट आहे. भिलाईचे पाहुणे दुपारी येतील, चहा घेतील, तुले पाहतील, जातील. संध्याकाळी तूच जा अन् घेऊन ये तिले मावशीच्या तात्यापाऱ्यातून. अन् तो लॅपटॉप बंद कर आता! पडदे लावायचे आहेत, पोहे भिजवायचे आहेत, अन् तू टकटक करत बसली.

रुचिता : थोडंच राहिलं. एक पान पूर्ण करून राहिली.

शांता : कशाचं पान? एमएस्सी तं झाली न तुझी?

रुचिता : जीनचं, म्हणजे जनुकाचं पान. नेटवर एक विकी आहे, लोकच मिळून लिहितात. एकेका जीनला एकेक पान. तो कुठे असतो, काय काम करतो, बिघडला तं काय होते. इंग्रजीत ढिगानं आहे, मराठीत कोणी हातच लावला नव्हता. हे पान मी उघडलं. आपल्या घरच्या रक्ताच्या आजाराचं, सिकलसेलवालं.

शांता : आजच सुचलं तुले? आज तो शब्दही नको काढू घरात.

रुचिता : घरातच आहे तो, आई. तुझ्यात, बाबांत, माझ्यात अर्धा अर्धा. दीपात पूर्ण.

शांता : तुले काय झालं आहे? धडधाकट आहे तू. उन्हातान्हात गाडी फिरवते.

रुचिता : मी वाहक आहे, मला त्रास नाही पण पोरांत जाऊ शकते. उद्या तो भिलाईचा पोरगा, अभिनवही वाहक निघाला तं?

शांता : मागच्या वेळच्या स्थळाले खरं खरं सांगितलं न आपण? काय झालं? ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या लोकांनी पोटभर खाल्लं, हसत हसत गेले, अन् मग फोनच उचलला नाही. तुझे बाबा आठ दिवस ड्युटीवरून येऊन भिंतीकडे तोंड करून झोपत होते. पुन्हा नाही पाहवत मले ते.

दीपमाला : मम्मी, गरम पानी की थैली भी डालूँ क्या? मौसी के यहाँ नहीं है।

शांता : टाक बाई, टाक. पाय दुखून राहिले का?

दीपमाला : थोड़ा। चलेगा।

शांता : शाल घे. रिक्षावाल्याले म्हण, खड्ड्यातून हळू ने.

रुचिता : आई, जाऊ दे ते. हे एक वाक्य ऐक फक्त. तुला समजलं तं कोणालाही समजेल. "आईवडील दोघेही वाहक असतील, तर चारपैकी एका मुलाला हा आजार होतो." अन् त्याच्याखाली हे चित्र. समजलं?

शांता : हेच चित्र होतं.

रुचिता : कुठे?

शांता : दवाखान्यात, भिंतीवर. तुझा दादा, प्रशिक गेला त्याच्या मागून आमचं दोघांचं रक्त घेतलं, अन् तिथल्या बाईनं आम्हाले या चित्रासमोर बसवलं. चार पोरं काढली होती. एक पांढरं, दोन अर्धेअर्धे, एक लाल. बाई काय बोलत होती ते मले ऐकूच येत नव्हतं. मी चित्राकडेच पाहत होती. मी म्हटलं, लाल तं गेला आपला. आता जे येतील ते बाकीचे तिघं.

रुचिता : आई...

शांता : मग तू झाली. चांगली झाली. मी म्हटलं, बरोबर आहे चित्र. म्हून तं दीपाच्या वेळी तपासायलेही नाही गेलो. कशाले जायचं?

रुचिता : असं नसते ग. प्रशिकदादाला झाला म्हणून पुढच्यांचा टळला, असं नसते. दरवेळी पहिल्यापासून सुरुवात. चौघांतून एक, म्हणजे प्रत्येकाच्या वेळी तेवढीच भीती. पाठोपाठ पोरी झाल्या म्हणून पुढचा पोरगाच होईल, असं असते का?

शांता : नाही. शेजारच्या कमलाले पाची पोरीच झाल्या.

रुचिता : तसंच हे.

शांता : मग तू काहून लिहिलं चारपैकी एकाला? तूही तेच लिहिलं न!

रुचिता : हो. मीही तेच लिहिलं. पुस्तकात तसंच होतं, तसंच उचललं. मला कधी खटकलंच नाही.

दीपमाला : मतलब मेरे टाइम पे सब बेफिकर बैठे थे?

शांता : तू अजून दारातच उभी आहे का?

दीपमाला : और मालूम होता तो? मुझे आने ही नहीं देतीं ना?

शांता : तेव्हा माहीत असतं तं मी काय केलं असतं, मले खरंच नाही सांगता येत, दीपा. पण तू आल्यावर एक दिवस मी म्हटलं नाही, की तू काहून आली.

दीपमाला : आज तो बोल रही हो। मौसी के घर जा, बोल रही हो।

(स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते. रुचिता ते वाक्य पुसून नवं लिहू लागते.)

शांता : पुसलं का ते वाक्य?

रुचिता : पुसलं. आता ऐक. "आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आधीचं मूल आजारी असलं, तरी पुढच्या बाळासाठी ती कमी होत नाही."

शांता : पुन्हा वाच शेवटचं.

रुचिता : "आधीचं मूल आजारी असलं, तरी पुढच्या बाळासाठी ती कमी होत नाही."

शांता : हां. असं कोणी सांगितलंच नाही मले. अन् ते चित्र काढ.

रुचिता : काढते. पण काहून काढलं ते लिहावं लागते, बाकीचे लिहिणारे विचारतात. काय लिहू?

शांता : लिही, एका बाईनं त्यात आपली पोरं मोजली.

रुचिता : ...लिहिलं.

शांता : फोन दे इकडे. अभिनवच्या आईले लाव.

रुचिता : आई, नीट विचार कर. बाबा येऊ दे ड्युटीवरून.

शांता : ते आले की मी पुन्हा भिईन. लाव तू. ...जय भीम, ताई. निघाले का तुम्ही? नाही न? मग एक ऐकून घ्या अन् मग निघा. आमची रुचिता सिकलची वाहक आहे. तब्येतीनं ठणठणीत आहे, तिले काही त्रास नाही. पण अभिनवचं रक्त कधी तपासलं का? ...नाही न. आधी तपासून घ्या, बाकीचं मग बोलू. अन् आमची धाकटी, दीपमाला, तिले आजार आहे. घरीच असते. आले तं भेटेलच तुम्हाले. ...हो. ...हो, समजलं. ठेवतो.

रुचिता : काय म्हणल्या?

शांता : घरात विचारून सांगतो म्हणल्या.

रुचिता : म्हणजे नाहीच येणार.

शांता : मले काय माहीत? जा, पोहे भिजव.

रुचिता : अन् नाही आले तं?

शांता : आपण खाऊ. दीपा, ठेव ती पिशवी खाली.