दुसरीच्या वर्गातला दवाखाना

सरकारी दवाखान्यात औषधासाठी थांबलो होतो. शेजारच्या बाकावर एक आजी आणि हाताला पट्टी बांधलेला वायरमन बसले होते.

"आजी, हा दवाखाना आहे की शाळा? पडद्यापलीकडे पोरं कविता म्हणतायत."

"दोन्ही. मंदी आली, सरकारकडे पैसा नाही म्हणाले. दवाखान्याची इमारत बंद केली आणि डॉक्टरांना आणून बसवलं दुसरीच्या वर्गात."

"आणि शिकवायला बाई एकट्याच?"

"एकट्याच. पहिली नि दुसरी एकत्र सांभाळतात बिचाऱ्या. दुसऱ्या बाईंची जागा भरलीच नाही."

"डोकं उठत असेल तुमचं या गोंगाटात."

"छे रे! मी तर सगळ्यांना पुढे सोडते आणि बसून राहते. परवा बाईंनी तंबी दिली मला, पोरांच्या आधी उत्तर सांगायचं नाही म्हणून."

"कमाल आहे! बरं, माझ्या चिठ्ठीवर काय लिहिलंय बघता? चष्मा घरी राहिला."

"आण इकडे. स-का-ळी एक गोळी, दु-पा-री एक गोळी. पुढे जोडाक्षर आलं. ते आमच्या वर्गात पुढच्या महिन्यात आहे."

"छान वाचता की!"

"गेल्या वर्षीपर्यंत अंगठा लावत होते."

"मग आनंदाची बातमी ऐका. पैसा मंजूर झाला. जुन्या इमारतीची वायरिंग मीच करतोय. येत्या सोमवारी दवाखाना परत तिकडे."

"सोमवारी?"

"हो. दिवे, पंखे, सगळं नवं कोरं."

"जरा सावकाश कर रे बाबा. हात दुखतोय ना तुझा?"